ट्रॉनहाइमची चार रौप्यपदके

स्तेफानिया बेल्मोंदोचे नाव इटलीत कुणापुढेही काढले, की लगेच तुटलेल्या काठीची गोष्ट निघते. २००२ सालच्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ऐन शर्यतीत तिची काठी मोडली, ती मागे पडली आणि तरीही तिने सुवर्णपदक जिंकले, ही ती गोष्ट. गोष्ट खरी आहे आणि कितीदाही ऐकली तरी तिची गोडी कमी होत नाही. पण नोकरीच्या निमित्ताने ट्यूरिनमध्ये राहू लागल्यापासून, तिच्या प्रांतातल्या माणसांकडून तिच्याविषयी ऐकताना आणि जुन्या शर्यतींची चित्रणे पाहताना माझे मत हळूहळू असे बनत गेले, की एवढ्या मोठ्या खेळाडूची ओळख त्या एका सकाळीपुरती करून देणे हा तिच्यावर अन्याय आहे. मला ती सर्वांत स्पष्ट दिसते ती १९९७ साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत, जिथे तिला एकही सुवर्ण मिळाले नाही. चार वैयक्तिक शर्यती, चारही वेळा रौप्य, आणि चारही वेळा तिच्या पुढे तीच एक स्त्री.

पुण्याजवळच्या रांजणगावातल्या फियाटच्या कारखान्यामुळे ट्यूरिनचे नाव मराठी अभियंत्यांना परके राहिलेले नाही. पण या शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला कमानीसारख्या पसरलेल्या आल्प्समध्ये जो खेळ रुजलेला आहे, त्याच्याशी आपला परिचय जवळजवळ नाही. स्कीइंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उतारावरून वेगाने खाली येणारा माणूस उभा राहतो. क्रॉस-कंट्री स्कीइंग हा प्रकार वेगळा आहे. यात चढ, सपाटी आणि उतार तिन्ही असतात, आणि चढ चढायचा तो स्वतःच्या पायांनी आणि हातांनीच. बूट स्कीला जोडलेला असतो तो फक्त पुढच्या टोकाशी, अंगठ्याच्या अगदी समोर. टाच मोकळी असते आणि प्रत्येक पावलाला उचलली जाते. मी प्रौढ वयात, डेमोन्तेजवळच्या फेस्तियोनाच्या जंगलातल्या वाटेवर हा खेळ शिकायला सुरुवात केली, तेव्हा पहिली जाणीव झाली ती या जोडणीची. पारंपरिक शैलीत दोन समांतर खाचांमधून स्की पुढे सरकते. तिच्या मधल्या भागाला पकड देणारे मेण लावलेले असते आणि स्कीला मुळातच थोडा बाक असतो, त्यामुळे नुसते उभे राहिले तर तो मधला भाग बर्फाला नीट टेकत नाही. तो टेकवण्यासाठी क्षणभर सगळे वजन एका पायावर, चवड्यावर आणि अंगठ्याखाली आणून खाली दाबावे लागते. तेवढ्या एका क्षणात मेण बर्फाला धरते, मागे रेटता येते आणि दुसरा पाय घसरत पुढे जातो. दाब उशिरा पडला तर स्की मागे सटकते. तीस किलोमीटरच्या शर्यतीत हे हजारो वेळा करायचे असते, आणि या प्रत्येक दाबाचा शेवटचा भार पायाच्या अंगठ्यावर येतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण बेल्मोंदोच्या आयुष्यात हा अंगठा पुढे फार मोठा विषय होणार आहे.

दुसरी शैली मुक्त. तिच्यात बर्फावरच्या स्केटिंगप्रमाणे स्की तिरकी टाकून आतल्या कडेने रेटा द्यायचा असतो. ही शैली १९८० च्या दशकात रूढ झाली आणि तेव्हापासून शर्यतींची वाटणी दोन शैलींमध्ये झाली. या शैलीत काठ्या लांब असतात, साधारण हनुवटीच्या आसपास पोहोचणाऱ्या, आणि वेगाचा मोठा वाटा दंडांतून, पाठीतून आणि पोटाच्या स्नायूंतून येतो. दोन काठ्यांपैकी एक गेली तर अर्धे नव्हे, त्याहूनही अधिक जाते, कारण सगळा ठेकाच बिघडतो.

बेल्मोंदोचा जन्म १३ जानेवारी १९६९ चा, विनादिओ गावचा. कूनेओ शहरातून फ्रान्सच्या सीमेकडे, माद्दालेना खिंडीकडे जाणारी स्तूरा नदीची दरी आहे. विनादिओ त्या दरीत आहे आणि तिचे बालपण जिथे गेले ते पोन्तेबेर्नार्दो त्याच रस्त्यावर आणखी वर, सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. गाव म्हणजे दगडी घरांचा एक लहानसा पुंजका. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की रस्ता आणि नदी यांनाच जेमतेम जागा उरते. या दरीतली साम्बुकाना जातीची मेंढी एके काळी नामशेष होण्याच्या मार्गावर होती. ती स्थानिकांनी पुन्हा वाढवली आणि पोन्तेबेर्नार्दोत आज मेंढपाळीच्या जीवनाचे एक छोटे संग्रहालय आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसे कामासाठी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये जात आली आणि त्यांतली अनेक परतली नाहीत. अशा गावात हिवाळ्यात बर्फ दारात येऊन पडतो, तेव्हा स्की हे मुलांचे खेळणे असते आणि शाळेत, शेजारी जाण्याचे साधनही. तिच्याविषयी लिहिताना तिच्या गरिबीचे किंवा संघर्षाचे रंग भरण्याचा मोह मला होत नाही. उंचावरच्या गावात वाढलेली, लहान चणीची, जवळजवळ चालता येऊ लागल्यापासून स्कीवर असलेली मुलगी या खेळात येणे ही त्या दरीत स्वाभाविक गोष्ट होती. अस्वाभाविक होते ते तिथून जगात पहिल्या क्रमांकावर जाणे.

कारण हा खेळ उत्तरेचा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्या बाहेरच्या कोणीही ऑलिम्पिकमध्ये क्रॉस-कंट्रीचे सुवर्ण जिंकले नव्हते, ते पहिल्यांदा जिंकले फ्रांको नोनेस या इटालियनाने, १९६८ च्या ग्रनोबल ऑलिम्पिकमध्ये, ३० किलोमीटरमध्ये. नोनेस फिएम्मे दरीचा होता. त्यानंतर इटलीत या खेळाची परंपरा उभी राहिली, आणि ती उभी राहण्यात तिथल्या गणवेशधारी दलांचा वाटा मोठा आहे. सीमाशुल्क पोलीस, लष्कर, काराबिनिएरी हे लष्करी शिस्तीचे पोलीस दल आणि त्या काळी वनरक्षक दल, या सगळ्यांचे क्रीडा संघ असतात आणि खेळाडूला तिथे पगारी नोकरी मिळते. आपल्याकडे रेल्वे किंवा पोलीस दल कुस्तीगिरांना आणि धावपटूंना ज्या रीतीने सांभाळते, तीच ही रीत. बेल्मोंदो वनरक्षक दलाची खेळाडू होती. हे दल २०१७ साली काराबिनिएरींमध्ये विलीन झाले. पण तिच्या काळात डोंगरातल्या मुलामुलींना घर न सोडता, किंवा निदान डोंगर न सोडता, खेळाला आयुष्य देता यायचे ते अशा दलांमुळे. एवढी आर्थिक स्थिरता नसती तर पायाच्या दोन शस्त्रक्रियांनंतर ती परतू शकली असती का, याची मला शंका आहे.

१९९१ मध्ये जागतिक स्पर्धा इटलीतच, फिएम्मे दरीत झाली. तिथे तिला १५ किलोमीटरमध्ये कांस्य आणि चौघींच्या रिलेमध्ये रौप्य मिळाले. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये आल्बेरव्हिलचे ऑलिम्पिक. स्त्रियांची ३० किलोमीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच घेतली जात होती. त्याआधी स्त्रियांसाठी सर्वांत लांब अंतर २० किलोमीटरचे होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खेळाडू एकेक करून, ठरावीक सेकंदांच्या अंतराने सुटत. अशा शर्यतीत प्रतिस्पर्धी दिसतच नाही. जंगलातल्या वळणावर उभा असलेला प्रशिक्षक ओरडून सांगतो, अमुकीपेक्षा चार सेकंद पुढे, तमुकीपेक्षा दोन सेकंद मागे, आणि तेवढ्या आवाजाच्या आधारावर पुढचे पाच किलोमीटर रेटायचे असतात. २१ फेब्रुवारी १९९२ रोजी बेल्मोंदोने ही शर्यत रशियाच्या ल्युबोव्ह येगोरोवापेक्षा सुमारे २२ सेकंद आधी पूर्ण केली. तिसरी आली रशियाचीच एलेना व्याल्बे. क्रॉस-कंट्रीमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली इटालियन स्त्री. वय २३. त्याच ऑलिम्पिकमध्ये पाठलाग शर्यतीचे (आदल्या शर्यतीतल्या वेळेच्या फरकाने सुटायचे असते त्या शर्यतीचे) रौप्य आणि रिलेचे कांस्यही तिला मिळाले. १९९३ मध्ये स्वीडनमधल्या फालुन येथे तिने पाठलाग शर्यत आणि ३० किलोमीटर अशी दोन जागतिक विजेतेपदे पटकावली. इथे कोणीही असेच म्हटले असते, की आता पुढची पाच-सहा वर्षे हिची.

तसे झाले नाही. पायाच्या अंगठ्याने दगा दिला. शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुढे दुसरीही. मी वर ज्या दाबाविषयी लिहिले, तो दाब ज्या हाडातून आणि सांध्यातून जातो तेच दुखू लागले, तर पारंपरिक शैलीत मेण धरत नाही आणि मुक्त शैलीत स्कीची आतली कड बर्फात नीट बसत नाही. धावपटूची टाच दुखते तेव्हा तो काही दिवस पोहून किंवा सायकल चालवून दम टिकवू शकतो. पण शैली टिकवायला स्कीवरच उभे राहावे लागते, आणि शैली गेली की नुसत्या दमाला या खेळात किंमत नाही. १९९४ च्या लिलेहामर ऑलिम्पिकला ती गेली ती अशा पायाने. तिला पाठलाग शर्यतीत आणि रिलेत अशी दोन कांस्यपदके मिळाली.

त्याच ऑलिम्पिकमध्ये तिच्याच संघातल्या मानुएला दि चेंताने पाचही शर्यतींत पदके घेतली: दोन सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य. फ्रिउलीच्या डोंगरातल्या पालुत्साची दि चेंता वयाने सहा वर्षांनी मोठी होती आणि तीही आजारपणातून वर आली होती. पुढे २००३ मध्ये तिने एव्हरेस्टही सर केले. इटालियन वृत्तपत्रांनी या दोघींमधल्या चुरशीवर त्या वर्षांत भरभरून लिहिले. एक पूर्वेकडच्या डोंगरांतली, एक पश्चिमेकडच्या, आणि चाहत्यांचे सरळ दोन तट. मला या तटांत फारसा रस नाही. मात्र लिलेहामरच्या पाठलाग शर्यतीनंतरचे दृश्य मी अनेकदा मनाशी उभे केले आहे: येगोरोवा पहिली, दि चेंता दुसरी, बेल्मोंदो तिसरी. दोन वर्षांपूर्वीची ऑलिम्पिक विजेती आणि एक वर्षापूर्वीची जागतिक विजेती आपल्याच देशाच्या खेळाडूच्या खालच्या पायरीवर उभी आहे, आणि आपला पाय पुन्हा पूर्वीसारखा होईल की नाही हे तिला स्वतःलाही माहीत नाही. रिलेच्या कांस्यासाठी मात्र या दोघी एकाच संघातून धावल्या, बिचे व्हान्झेत्ता आणि गाब्रिएला पारुत्सी यांच्यासह. यांतली पारुत्सी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दुखापतीनंतर परतणे हे आपण एका वाक्यात उरकतो. प्रत्यक्षात ते कसे असते याची कल्पना निकालांच्या तक्त्यांवरून येते. १९९५ च्या जागतिक स्पर्धेत तिच्या नावावर एकही पदक नाही. जिने दोन वर्षांपूर्वी दोन सुवर्णे घेतली तिची ती अवस्था. उन्हाळाभर डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर मेहनत करायची, हिमनद्यांवर सराव करायचा, आणि हिवाळा आला की निकालपत्रात आपले नाव दहाव्या-पंधराव्या जागी शोधायचे. अशा हंगामात कितीतरी चांगले खेळाडू थांबतात आणि त्यांना कोणी दोष देत नाही.

ती थांबली नाही, आणि मग १९९७ चा फेब्रुवारी आला.

ट्रॉनहाइमच्या त्या स्पर्धेत एलेना व्याल्बेने स्त्रियांच्या पाचही शर्यतींची सुवर्णे घेतली. चार वैयक्तिक आणि एक रिलेचे. वैयक्तिक चारही शर्यतींत दुसरी बेल्मोंदो. १५ किलोमीटर मुक्त शैलीत दुसरी, ३० किलोमीटर पारंपरिक शैलीत दुसरी, ५ किलोमीटरमध्ये दुसरी, पाठलाग शर्यतीत दुसरी. दोन्ही शैली, सगळी अंतरे, वेळेविरुद्धची शर्यत आणि समोरासमोरची शर्यत. या खेळात तेव्हा जे जे म्हणून मोजले जात होते, त्या प्रत्येकात जगात तिच्यापेक्षा सरस अशी एकच व्यक्ती होती. याचा अर्थ काय होतो ते समजायला या खेळातल्या विशेषज्ञांकडे पाहावे. बहुतेक खेळाडू एका शैलीचे असतात. कोणी लांब अंतराचा, कोणी छोट्या. आठ-दहा दिवसांत चार वेगळ्या कसोट्यांना उतरायचे आणि एकीतही दुसऱ्याच्या खाली जायचे नाही, हे माझ्या दृष्टीने एखाद्या सुवर्णापेक्षा अवघड काम आहे. सुवर्ण एखाद्या दिवशी मेण जमले, हवा मानवली, अंगात आले, की मिळून जाऊ शकते. चार रौप्ये अशी मिळत नाहीत.

त्यांतली पाठलाग शर्यत मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. या प्रकारात आदल्या शर्यतीतल्या वेळेच्या फरकानेच खेळाडूंना सोडतात; जी पहिली रेषा ओलांडेल ती जिंकली, असा सरळ हिशेब. शेवटी दोघीच उरल्या आणि अखेरच्या सरळ पट्ट्यात एकमेकींच्या शेजारी आल्या. या खेळात रेषेवर मोजतात तो बूट. शेवटच्या क्षणी खेळाडू एक पाय जमेल तितका पुढे फेकते, गुडघा जवळजवळ बर्फाला टेकतो, अंग मागे राहते. दोघींनी पाय फेकला. कोण जिंकले हे छायाचित्र पाहून ठरवावे लागले, आणि ते व्याल्बेच्या बाजूने गेले.

पाच किलोमीटरच्या शर्यतीची कथा आणखी वेगळी आहे. ती प्रत्यक्षात जिंकली होती येगोरोवाने. पण तिच्या नमुन्यात ब्रोमान्टान हे बंदी असलेले द्रव्य सापडले, तिचा निकाल रद्द झाला आणि सगळ्या एकेक पायरी वर सरकल्या. बेल्मोंदो ज्या काळात खेळली, त्या काळाच्या निकालांवर ही छाया सतत आहे. कोणता विजय निखळ आणि कोणता नाही, याचा निवाडा मी करू शकत नाही आणि ज्यांच्यावर काही सिद्ध झालेले नाही त्यांच्याविषयी संशय पेरणे मला मान्य नाही. व्याल्बेने ट्रॉनहाइमला जे केले ते थोर होते. मात्र एवढे म्हणणे भाग आहे, की आपण कोणाशी खेळत होतो हे त्या पिढीतल्या खेळाडूला शर्यत संपली तेव्हा पुष्कळदा ठाऊकच नसे.

पुढच्या वर्षी नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये, ३० किलोमीटरमध्ये पुन्हा रौप्य. या वेळी पुढे होती रशियाची युलिया चेपालोवा. रिलेत पुन्हा कांस्य. म्हणजे फालुनच्या विजयानंतर जागतिक आणि ऑलिम्पिक मिळून पदकांचा ढीग झाला, पण सुवर्ण एकही नाही. सहा वर्षे लोटली. मग १९९९ साली ऑस्ट्रियातल्या रामसाऊ येथे, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने १५ किलोमीटर आणि पाठलाग शर्यत अशी दोन जागतिक सुवर्णे घेतली. मला त्या निकालात ट्रॉनहाइमच दिसते. जिने दोन वर्षांपूर्वी बुटाच्या टोकाएवढ्या फरकाने पाठलाग शर्यत गमावली, तिनेच ती शर्यत इथे जिंकली.

आता सॉल्ट लेक. ९ फेब्रुवारी २००२, सोल्जर हॉलो, समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंची, म्हणजे हवा विरळ. त्या ऑलिम्पिकमधले पहिलेच सुवर्ण या शर्यतीतून दिले जाणार होते. स्त्रियांच्या १५ किलोमीटरमध्ये सगळ्यांना एकदम सोडण्याची पद्धत ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आली होती. आल्बेरव्हिलला ती जंगलात एकटी घड्याळाशी लढली होती. इथे साठेक जणींच्या गर्दीत, पुढचीच्या स्कीच्या शेपटीवर आपल्या स्कीचे टोक येऊ न देता आणि मागचीच्या काठीखाली आपली काठी सापडू न देता जायचे होते. सव्वापाच फुटांच्या आतल्या बेल्मोंदोसाठी गर्दी ही काही सोयीची जागा नव्हे. तरी ती आघाडीच्या घोळक्यात टिकून होती आणि शर्यतीचा शेवटचा तृतीयांश भाग सुरू असताना तिची काठी मोडली.

नियमाप्रमाणे वाटेत उभ्या असलेल्या माणसाकडून दुसरी काठी घेता येते. पण तो माणूस योग्य जागी उभा असला पाहिजे. काही शे मीटर ती एका काठीने गेली. फ्रेंच संघाच्या माणसाने आपल्याकडची काठी पुढे केली, ती तिच्या उंचीला फारच लांब होती. चित्रणात तिचा चेहरा दिसतो. ती ओरडते आहे, आणि तो रागच आहे. मग इटालियन तंत्रज्ञाकडून तिच्या मापाची काठी हाती आली, पण तोवर घोळका पुढे निघून गेला होता. इथपासून पुढे तिने जे केले ते पाहताना मला उसळी, चमत्कार, दैव असले शब्द सुचत नाहीत. ती झेपावत नाही. ती ठेका परत मिळवते. दोन्ही काठ्या एकदम टेकतात, स्की पूर्ण घसरू दिली जाते, पुढचा रेटा घाई न करता येतो, आणि प्रत्येक चढावर एकेक पाठ तिच्या मागे जाते. पायाचे दुखणे काढलेली, निकालपत्रात तळाशी नाव शोधलेली, चार वेळा दुसरी आलेली खेळाडूच अंतर भरून काढताना इतकी शांत राहू शकते, असे माझे ठाम मत आहे. एकदाही हरण्याची सवय नसलेली तिथे पहिल्या किलोमीटरमध्येच सगळे उधळून बसली असती. शेवटच्या पट्ट्यात रशियाच्या लारिसा लाझुतिनाला मागे टाकून बेल्मोंदो १.८ सेकंदांनी जिंकली. आल्बेरव्हिलच्या सुवर्णानंतर बरोबर दहा वर्षांनी.

लाझुतिनाचे ते रौप्य टिकले नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या डार्बेपोएटिनचा वापर तिच्या आणि तिच्याच संघातल्या ओल्गा दानिलोवाच्या नमुन्यांत उघड झाला. त्यावरची सुनावणी आणि अपिले दोन वर्षे चालली आणि २००४ पर्यंत दोघींचे त्या ऑलिम्पिकमधले निकाल पुसले गेले. त्यामुळे १० किलोमीटर पारंपरिक शैलीत चौथी आलेली बेल्मोंदो कांस्यपदकाची मानकरी ठरली. तोवर तिने खेळ सोडला होता. अशा उशिरा आलेल्या पदकाचे काय करायचे असते? ज्या संध्याकाळी व्यासपीठावर उभे राहायचे होते ती संध्याकाळ तर परत देता येत नाही. क्रीडासंस्था पदक देतात, यादी दुरुस्त करतात आणि न्याय झाला असे म्हणतात. मला तो अर्धाच न्याय वाटतो. या कांस्यासह तिची ऑलिम्पिक पदके दहा झाली: दोन सुवर्ण, तीन रौप्य, पाच कांस्य. जागतिक स्पर्धांतली तेरा वेगळी.

१० फेब्रुवारी २००६ रोजी ट्यूरिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ज्योत पेटवण्याचा मान तिला मिळाला. इटलीत हिवाळी खेळ म्हटले की उतारावरच्या स्कीइंगचा विजेता आल्बेर्तो तोम्बाचे नाव सर्वांत आधी येते, आणि तोही त्या संध्याकाळी मैदानात ज्योत घेऊन आला होता. पण शेवटची मशाल कूनेओ प्रांतातल्या या लहानखुऱ्या स्त्रीच्या हाती दिली गेली. ऑफिसातले माझे कूनेओकडचे ज्येष्ठ सहकारी त्या संध्याकाळविषयी आजही अशा अभिमानाने बोलतात, की जणू मशाल त्यांच्याच घरातून गेली. मला ती निवड योग्य वाटते. कारण ट्यूरिन ज्यात येते त्या पिएमोन्तेच्या या डोंगरांत मला जो खेळ भेटला, तो तोम्बाचा झगमगीत उतार नसून दरीतली ही सपाट, थंड, सावलीतली वाट आहे.

तिची शेवटची ऑलिम्पिक शर्यत मात्र काठीच्या गोष्टीत कधीच येत नाही. ती झाली २४ फेब्रुवारी २००२ रोजी, त्या ऑलिम्पिकच्या अखेरच्या दिवशी: ३० किलोमीटर, पारंपरिक शैली. तिचे आवडते अंतर, पण जिच्यात अंगठा सर्वाधिक राबतो ती शैली. वय ३३. रेषा सर्वांत आधी ओलांडली लाझुतिनाने, आणि ती त्याच दिवशी अपात्र ठरली. मग सुवर्ण गेले गाब्रिएला पारुत्सीकडे. तार्विसिओची ही पारुत्सी दहा वर्षे बेल्मोंदोच्या सोबत रिलेत धावलेली, मोठ्या वैयक्तिक विजयाची तोवर वाटच पाहत राहिलेली. जवळजवळ दीड तासाच्या त्या शर्यतीत बेल्मोंदो तिच्या मागे काही सेकंदांनी आली आणि तिला रौप्य मिळाले.